सुधाकराचा दोष आणि विंगेतलं गाठोडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्ण घ्या, 'एकच प्याला' नाटकातला दारूत बुडालेला सुधाकर घ्या, चुकलेल्या नायकाला आपण डोक्यावर घेतो आणि तीच चूक शेजाऱ्यानं केली की त्याचं नाव टाकतो. मग या नायकांचा दोष नेमका किती धरायचा, परिस्थितीचा किती आणि त्यांना बिघडवणाऱ्यांचा किती?

टक्केवारी काढून देणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण या प्रकरणाकडे मी जिथून बघतो तिथून फारसं कुणी बघत नाही, म्हणून लिहितो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या जत्रेला दर वर्षी मराठी नाटक होतं आणि गेली बावीस वर्षं मी त्याचा प्रॉम्प्टर आहे. पोटासाठी म्हणाल तर वकिलाचा कारकून. सुधाकराला पहिला प्याला देणारा तळीरामही त्याचा कारकूनच होता, हा विनोद सुचला असेल तर रांगेत उभे राहा. गाव तुमच्या पुढे आहे.

नट हा आपल्या भूमिकेचा वकील असतो. दोन महिने तालीम झाली की खलनायक करणाराही म्हणायला लागतो, 'तसं बघितलं तर याचंही काही चुकत नाही.' प्रेक्षक ज्याच्यावर उजेड पडेल त्याचा. प्रॉम्प्टरला मात्र सगळ्यांची वाक्यं सारख्याच आवाजात पुटपुटावी लागतात, मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याचीही. त्यातून एक हिशेब नकळत डोक्यात बसतो: कुणाच्या वाट्याला किती पानं आली. माझं सगळं म्हणणं या एका हिशेबावर उभं आहे. नायकाला मिळणारी माफी त्याच्या पानांच्या प्रमाणात असते. गुन्हा लहान की मोठा याच्याशी तिचा संबंध फार थोडा.

चार वर्षांमागे आम्ही 'एकच प्याला' केलं. नाटक १९१९चं. नाटककार राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, त्यामुळे गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं तेव्हा बघायला ते नव्हते. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. शंभर वर्षं उलटून गेली तरी आमच्याकडे हे नाटक जत्रेला चालतं, तेही गोव्यात, जिथं देवळाच्या कमानीपासून हमरस्त्यापर्यंत जाताना तीन बार लागतात. तालीम अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत. दिवस काजूच्या भट्ट्या पेटल्याचे, हुर्राक (काजूच्या रसाची दारू) ताजं. दारूनं संसाराची राखरांगोळी कशी होते ते साडेदहापर्यंत घोकायचं आणि अकराला लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून हुर्राक प्यायचं, असा आमचा क्रम होता. सुधाकर करणारा तेवढा थेंबाला शिवत नाही. तो आमच्यात बसून चणे खायचा आणि बिल वाटताना कुरकुर करायचा.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: सुधाकर हुशार वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, डोकं भणभणतं, आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढं घर धुऊन निघतं. मध्येच तो दारू सोडतो, नोकरी शोधत फिरतो, जुने ओळखीचे लोक त्याचा पाणउतारा करतात आणि तो परत प्याल्याकडे वळतो. शेवटी त्याच्या दारूपायी पोर जातं, सिंधू जाते आणि तो स्वतः विष घेतो.

जबाबदारी वाटायला बसलं की लोक पहिला दगड तळीरामावर टाकतात. याचं उत्तर आमच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. १८६० सालचं भारतीय दंड विधान, कलम ८५. नशेत आपण काय करतोय हे कळत नव्हतं, हा बचाव चालतो, पण एकाच अटीवर: ती नशा त्या माणसाला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध दिली गेलेली असली पाहिजे. पुढचं ८६ कलम सांगतं की स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीत असताना जे कळलं असतं, ते कळत होतं असंच धरून चालायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि या कलमांचे आकडे २३ आणि २४ झाले. मतलब तोच राहिला. आणि सुधाकर तर वकील! ८५वं कलम त्याला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. तळीरामानं प्याला पुढे केला, घशात ओतला नाही. आमचे वकीलसाहेब रंगात आले की याच्याही मागं जातात आणि ग्रीसमधल्या पिटाकसचा कायदा सांगतात: नशेत केलेल्या गुन्ह्याला शुद्धीतल्या गुन्ह्यापेक्षा जास्त शिक्षा. (हे ते सांगतात तेव्हा बहुधा त्यांच्याही हातात ग्लास असतो.)

म्हणून तळीराम सुटला असं नाही. पाणउतारा करणारे ते प्रतिष्ठित लोकही सुटले नाहीत. माझ्या मते नाटकात सगळ्यात स्वस्तात तेच सुटतात. माझं म्हणणं एवढंच की दोष हा काही देवळातला प्रसाद नव्हे, की एकाला मूठभर जास्त गेला तर दुसऱ्याला कमी उरेल. तळीरामाचं खातं तळीरामाच्या नावावर, सुधाकराचं सुधाकराच्या. 'परिस्थितीच तशी होती' म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: मधे त्यानं दारू सोडली, ती कुणी सोडली? तिथं आपण म्हणतो, शाबास, पठ्ठ्यानं मन आवरलं. मग सोडली ती त्यानं आणि परत धरली ती परिस्थितीनं, हे कसं जमायचं? त्याच्याकडून दोष काढून घेतलात तर ती शपथही काढून घ्यावी लागेल. उरेल तो वाऱ्यावर हलणारा पडदा, आणि पडद्यासाठी कुणी रडत नाही.

आता नाटकाच्या रात्रीकडे येतो.

पालखी उशिरा आली, पडदा वर जायला साडेबारा झाले. शेवटच्या अंकापर्यंत कोंबडं आरवायची वेळ. प्रवेशाला तीन-चार मिनिटं असताना कळलं की पोरच नाही. पोर म्हणजे बाहुली. ती शाळेतल्या एका मुलीकडून मागून आणली होती, आणि त्या मुलीला झोप आली तशी ती आपली बाहुली काखेत मारून आईबरोबर घरी गेली. तिचीच होती, तिला कोण काय म्हणणार? डाव्या हातात संहिता तशीच धरून मी उजव्या हातानं खांद्यावरचा पंचा काढला, आत मेकअपचा कापूस कोंबला, वरून फाटक्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि ते गाठोडं पुढे केलं. सिंधू करायला म्हापशाहून बोलावलेली बाई होती, सराईत. रात्रभर मानधनाच्या पाकिटावरून व्यवस्थापकाशी तिची धुसफूस चाललेली. तिनं गाठोडं घेतलं, आणि घेता घेताच तिचा तळहात मानेखाली गेला, तान्ह्या मुलाची मान धरतात तसा. पंच्याला मान कुठून असणार! पण तो हात मी पाहिला.

मारहाण झाली. दिवे मंद झाले. त्या गडबडीत गाठोडं कुणाच्या तरी पायानं सरकत विंगेत माझ्या चपलेपाशी आलं आणि सुटलं. परत पंचा झाला. इकडे सुधाकर बोलत होता. आमचा सुधाकर एरवी भावखाऊ आहे, पण त्या पहाटे तो जीव ओतून बोलला, मला एकदाही ओठ हलवावे लागले नाहीत. पहिल्या तीन रांगा डोळे पुसत होत्या. त्यात आमचे खजिनदारही, जे वर्गणीचा एक रुपया माफ करत नाहीत. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अरे, त्या भुरग्याक कोण पळयता?"

त्या पोराकडे कोण बघतंय?

काही जण हसले. शेजारच्या बाईनं तिला दटावलं. नाटक पुढं गेलं.

मी घरी येऊन संहिता परत चाळली. त्या पोराला वाक्य नाही. असणार कसं, तान्हं ते. सिंधूला वाक्यं भरपूर आहेत, पदंही आहेत, पण गाऱ्हाणं नाही. फौजदार समोर येतो तेव्हासुद्धा ती नवऱ्याचं नाव घेत नाही. म्हणजे ज्याचं सगळं गेलं त्याला भाषा नाही, आणि जिला भाषा आहे ती तक्रार करत नाही. राहिला सुधाकर. दुःख सांगणाराही तोच आणि पश्चात्ताप करणाराही तोच. आपण त्याच्याच साक्षीवर त्याला सोडून मोकळे होतो. असा खटला आमच्या कोर्टात चालला तर न्यायाधीश चष्मा काढून बघतील.

तुम्ही कर्णाचं नाव घेतलंत म्हणून 'मृत्युंजय' परत उघडली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. अकरावीत असताना ती वाचून आठवडाभर मी मान ताठ ठेवून बसस्टॉपवर उभा राहत असे. तीत सहा जण आपापलं सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. सहा जण, आणि त्यात द्रौपदी नाही. पुस्तक कर्णाचं आहे, कुणाला बोलायला द्यायचं हा लेखकाचा अधिकार, त्यात खोट काढायची नाही मला. वाचक म्हणून माझं काय झालं तेवढं सांगतो. सूतपुत्र म्हणून झालेला प्रत्येक अपमान मला माझा वाटला आणि द्यूतसभा ही कर्णाच्या आयुष्यातली एक दुर्दैवी दुपार वाटली. द्रौपदीच्या आयुष्यात ती काय होती, हे विचारायला मला वयाची चाळिशी लागली.

व्यासांकडे गेलं की हिशेब बदलतो. सभापर्वात द्रौपदीला बंधकी, म्हणजे कुलटा, म्हणणारा कर्णच आहे, आणि पांडवांची नि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणाराही तोच. पण मला त्याच्याहून मोलाचा वाटतो तो विकर्ण. धृतराष्ट्राचाच मुलगा, त्याच घरात वाढलेला, तेच मीठ खाल्लेला. तो उभा राहून सांगतो की तिला पणाला लावणंच चुकीचं आहे, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्ण त्यालाच झापतो. पुढं विकर्ण कौरवांकडूनच लढतो आणि भीमाच्या हातून मरतो, म्हणजे तोही काही निष्कलंक नव्हे. पण 'मित्राचं मीठ खाल्लं, मग दुसरं काय करणार होता' हा कर्णाचा बचाव ज्या दालनात उभा करायचा, त्याच दालनात विकर्ण उभा आहे. अडचण आहे खरी. त्याचं नाव किती जणांना आठवतं, घरी विचारून बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाजवळ कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी कठोर बोललो, त्याचा आज मला ताप होतो. कुणाला बोललो म्हणतो? पांडवांना. मूळ श्लोकात शब्दच पांडवांचा आहे. इतका मोठ्या मनाचा माणूस, मरण समोर दिसत असताना केलेली कबुली, आणि तिच्यातही द्रौपदीचं नाव येत नाही. ते घेतो कृष्ण, कर्णपर्वात. रथाचं चाक जमिनीत रुतलेलं असताना कर्ण धर्माची आठवण करून देतो आणि कृष्ण विचारतो, एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणलंत तेव्हा तुझा धर्म कुठं होता? हा प्रश्न मला आमच्या गावच्या म्हातारीच्या प्रश्नाचा थोरला भाऊ वाटतो.

उलट उदाहरणही आहे, आणि त्यानं माझा हिशेब पक्का केला. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', १९६२. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे बघायला लोक परत परत जात. इतका गोड, इतका हजरजबाबी बदमाश मराठी रंगभूमीवर दुसरा नाही. टाळ्या त्यालाच. पण बाहेर पडताना 'बिचारा लखोबा' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. का? नाटक कोर्टात घडतं. त्यानं फसवलेली माणसं एकेक करून पिंजऱ्यात येतात आणि बोलतात. अत्र्यांनी बळींना पानं दिली. लखोबाला टाळी मिळाली, माफी मिळाली नाही. सुधाकराच्या नाटकात असा एक साक्षीदारांचा प्रवेश घातला असता तर पहिल्या तीन रांगांचे रुमाल खिशातच राहिले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नाटक बिघडलं असतं, हेही वाटतं.

बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार यांच्याबद्दल कुणीतरी विचारेलच. वडिलांच्या पेटीत गठ्ठे होते, सगळे वाचले. तिथं हा प्रश्न निघत नाही, कारण नायक ज्याला लुटतो तो आधीच नीच असतो. मध्ये सापडणारा निरपराध माणूस लेखकानं आधीच गल्लीतून बाजूला नेलेला असतो. वाचायला मजा येते. जबाबदारी शिकायला ती जागा नव्हे.

तर तुमच्या प्रश्नातल्या नायकांना दोष द्यायचा का? माझं उत्तर: हो, पुरता. आणि त्यांची कीवही करायची, तीही पुरती. यात विरोध आहे असं मला वाटत नाही. सुधाकराची कीव माझी आहे, ती मी देऊ शकतो, बसल्या जागेवरून, तिकिटाच्या पैशात. माफी माझी नव्हे. ती सिंधूची आणि त्या पोराची. दुसऱ्याच्या खिशातून दानपेटीत पैसे टाकल्यासारखं होतं ते.

आता शेजाऱ्याचं. माझ्या हिशेबाप्रमाणे शेजाऱ्याला आपण लगेच दोषी धरतो कारण त्याला पानं मिळालेली नसतात. हे अर्धंच खरं आहे. काही शेजाऱ्यांना भरपूर पानं मिळतात.

आमच्या वाड्याच्या पलीकडे एक गृहस्थ आहेत. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलून सांगतो. बोटीवर होते, पैसा होता, दारू होती, घरात काय चालायचं ते भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मीही ऐकलंय. उठून गेलो नाही. रेडिओ मोठा केला. माझं खातं ते. एका पावसाळ्यात बायको मुलीला घेऊन दुसऱ्या वाड्यावर भावाच्या जुन्या घरात राहायला गेली आणि परत आली नाही. मग यांनी दारू सोडली. सोडली म्हणजे खरोखर सोडली, सहा वर्षं झाली. आता संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बसतात आणि आपली कथा सांगतात. फार चांगली सांगतात. आवाज कुठं खाली न्यायचा, कुठं थांबायचं, हे आमच्या नटांनी शिकावं असं. स्वतःला दोष देतात, कुणावर ढकलत नाहीत, आणि ऐकणाऱ्याच्या घशात येतं. गावानं त्यांना कधीच माफ करून टाकलंय. यंदा जत्रेच्या समितीवर आहेत.

दर बुधवारी ते बाजारातून ताजे बांगडे नाहीतर वेर्ल्यो घेतात आणि तिच्या दारात जातात. ती दार उघडते, पिशवी घेते, रिकामी करून परत देते. आत बोलावत नाही. हे सगळं गाव बघतं आणि गावाचं मत असं आहे की बाईचं काळीज दगडाचं. इतका सुधारला माणूस, अजून काय करायचं त्यानं?

ती पायऱ्यांवर येऊन बसत नाही. तिची कथा कुणी ऐकलेली नाही, मीही नाही.

गेल्या चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान द्यायला तिच्या भावाकडे गेलो होतो. ती अंगणात सुपारी सुकत घालत होती. मला राहवलं नाही, मी म्हटलं, वहिनी, एवढी वर्षं झाली, एकदा आत घेऊन चहा तरी द्या त्यांना.

तिनं वर बघितलं नाही. सुपाऱ्या हातानं पसरत म्हणाली, "नुस्तें घेतां मरे हांव."

मासे घेते ना मी.